एका कंसातलं माहेर

उत्कर्षानं सगळ्या आयुष्यात एकच वाद जिंकला, आणि तोही कधी तोंड न पाहिलेल्या परदेशातल्या माणसांशी. घरात ती वाद घालतच नसे. दोन माणसं चढ्या आवाजात बोलायला लागली की ही उठून पाणी आणायला आत जाणार. आणलेलं पाणी कुणी प्यायचं नाही, पण तेवढ्यात आवाज खाली यायचे. तिच्या सासूबाई, बनुबाई, म्हणायच्या, "आमच्या माठाला भांडणापायी कवा तळ न्हाई दिसत. सदा भरलेला."

तिचं माहेर कवठे महांकाळच्या पुढं, माळावर. वडील कोंडीबा मेंढरं राखायचे. घरात तिला बायडा म्हणत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी उत्कर्षा लिहिलं; कोंडीबांना ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी मरेपर्यंत बायडाच म्हटलं. थोरला भाऊ दादासो, मग ही, मग धाकटा रविराज. ही कराडला इंजिनिअरिंगला होती तेव्हा दिवाळी झाली की रविराज मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात उतरायचा. खत होतं म्हणून शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेत. रविवारी ही होस्टेलवरून चालत त्याच्या पालावर जायची. तीन दगडांच्या चुलीवर तो स्वतः भाकरी थापायचा, तिला पिठाला हात लावू द्यायचा नाही.

"तुजी बोटं त्या कॉम्प्युटरला ऱ्हाऊ देत, आक्का. बटनं चिकटली तर तुजा सर आमच्या मेंढरांवर बिल फाडंल."

पुढं तिला कराडातच दिली. नवरा जोतिबा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. तिनं एका कॉलेजात काही वर्षं तासांवर शिकवलं, ते कॉलेज बंद पडलं, तेव्हापासून घरी. सकाळचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, दोन-चार मुलांच्या शिकवण्या. आणि नऊ वर्षांपूर्वी तिला ती भाषा सापडली.

भाषा म्हणजे प्रोग्रामिंगची. जगभरातली वीस-पंचवीस माणसं मिळून ती बनवत होती. कुणी पगार देत नव्हतं, कुणी मागतही नव्हतं. आधी भाषेचे आराखडे लिहायचे, त्यावर वाद घालायचा, मग यंत्राला ती शिकवायची, असा त्यांचा रिवाज. उत्कर्षानं एका पानावरची चूक कळवली. आभाराचं उत्तर आलं, आणि खाली एक ओळ: आणखी पानं वाचून तुमचं मत सांगाल का? आपलं मत कुणी विचारतंय, ही गोष्ट तिला इतकी नवी होती की तिनं ते उत्तर दोनदा वाचलं आणि दूध उतू घालवलं.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की ती खिडकीशी लॅपटॉप उघडून बसायची. बनुबाई त्याला उत्कर्षाचं पारायण म्हणत. जोतिबा चेष्टा करायचा.

"ही भाषा बोलतंय तरी कोण?"

"अजून कोणी नाही. तयार होतेय."

"नऊ वर्सं? एवढ्यात हत्तीण चारदा व्याली असती."

तिच्याकडं आलेलं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. यंत्राला एखादं काम सांगायचं तर त्याबरोबर सामान द्यावं लागतं. सामान सुटं देता येतं, नाहीतर पिशवीत भरून. पिशवी दिली तर यंत्रानं ती एकच वस्तू धरायची, की उघडून आतल्या वस्तू एकेक करून घ्यायच्या? 'उघडून घे' असं सांगण्यासाठी पिशवीच्या नावाआधी एक खूण करायची. पहिल्या आराखड्यात ती खूण चांदणी होती. कळफलकावर आठाच्या डोक्यावर असते ती. काही वर्षांनी कुणाच्या लक्षात आलं की चांदणी गुणाकारालाही लागते, वाचणारा गोंधळतो. मग चौकोनी कंसात स्वल्पविराम अशी खूण आली. ती कुणालाच आवडली नाही, तेव्हा काहींनी परत चांदणी धरली. शेवटी ठरलं की उभी दांडी घालायची, आणि चांदणी कायमची काढायची.

काढायची म्हणजे कुणीतरी बसून काढायची. संगणकाला 'सगळ्या चांदण्या बदल' म्हणून चालत नव्हतं, कारण त्यातल्या निम्म्या गुणाकाराच्या होत्या. प्रत्येक पान वाचायचं, प्रत्येक उदाहरण समजून घ्यायचं, इथली चांदणी कसली ते ठरवायचं. हे काम तिच्याकडं आलं, कारण बाकी कुणी ते घेतलं नाही. तांदूळ निवडण्यासारखं काम होतं आणि तांदूळ निवडायला तिला आवडायचं.

समजावून सांगताना तिनं एक उदाहरण घातलं होतं. आमच्याकडं आमंत्रण दोन प्रकारचं असतं, घरटी एक आणि चूलबंद. घरटी एक म्हणजे घरातून कुणीही एकानं यायचं, घर ही एक वस्तू. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, एकूण एक माणूस जेवायला. इंगर नावाची एक डॅनिश बाई आराखड्यांवर शेवटचा हात फिरवायची. तिनं लिहिलं, फार सुंदर आहे, पण आपल्या वाचकांना आधी चूल समजावून सांगावी लागेल. उदाहरण गेलं. उत्कर्षाला वाईट वाटलं, पण तिनं ते कळवलं नाही.

वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. कच्च्या आवृत्तीत लोकांनी आजवर लिहिलेल्या प्रोग्राममध्ये जुन्या चांदण्या आहेत, त्यांचं काय करायचं? इंगरचं म्हणणं, चांदणी दिसली की यंत्रानं तिथंच थांबावं आणि ओरडावं. उत्कर्षाला ते पटेना. चालतं काम मध्येच का अडवायचं? जुनी माणसं एकदम बाहेर काढतो का आपण? तिनं लिहिलं: जुनी खूण दिसली तर यंत्रानं काही बोलू नये. तिला आता अर्थ नसेल, पण ती जागेवर राहू द्यावी. लोक आपसूक शिकतील. आठवडाभर दोन्हीकडून लिहिणं चाललं. उत्कर्षा पाणी आणायला उठली नाही. शेवटी कौल तिच्या बाजूनं पडला, आणि तो नियम तिच्याच शब्दांत आराखड्यात गेला.

त्या दिवशी तिनं शिरा केला. कशासाठी म्हणून कुणी विचारलं नाही. पाहुणे येणार असतील असं बनुबाईंनी धरलं आणि नऊवारी बदलून बसल्या.

त्याच वर्षी तिच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं म्हणजे दर्शूचं, लग्न ठरलं. मुलगा विट्याचा, त्यांचं सोनं गाळायचं दुकान तमिळनाडूत सेलमला. मार्गशीर्षातली तारीख धरली, कराडातला हॉल धरला. उत्कर्षाला एकाच गोष्टीची ओढ लागली होती. बोहल्यावर दर्शूच्या मागं मामा म्हणून रविराज उभा राहायला हवा.

ते सोपं नव्हतं. कोंडीबा गेल्यावर भावांची वाटणी झाली होती. एका पाइपलाइनवरून सुरू झालं आणि अंगणात भिंत उभी राहून थांबलं. माळाला कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं गेली, दोघांच्या द्राक्षबागा झाल्या, बोलणं मात्र तुटलं. एवढ्यावरही रविराजचं काही म्हणणं नव्हतं. त्याचं दुखणं वेगळंच होतं. भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका अजून 'कोंडीबांचं घर' म्हणून एकच निघायच्या आणि थोरला म्हणून दादासोच्या हातात पडायच्या. दादासो सहकुटुंब जाऊन जेवून यायचा. भिंतीपलीकडं रविराजकडं कुणी फिरकायचं नाही. रविराजनं मग ठरवून टाकलं: ज्याची चूल वेगळी, त्याची पत्रिका वेगळी. आपल्या नावाची पत्रिका नाही तिथं जायचं नाही. अशी कितीतरी लग्नं त्यानं सोडली. सख्ख्या मावसभावाचंही सोडलं. लोक म्हणत, लय ताठ हाय. उत्कर्षाला माहीत होतं की तो ताठ नाही. धाकटा म्हणून त्याला मोजायचं राहून जातं, ते त्याला सोसत नाही.

तिनं त्याला फोन केला.

"रवी, दर्शूच्या मागं तूच उभा राहायचं."

"दादा थोरला हाय."

"असू दे थोरला. पोरीला तू हवायस."

"मग येऊ दे की पत्रिका. माज्या नावाची."

"अरे वेड्या, माझ्या घरचं लग्न आणि तुला पत्रिका लागते?"

तो म्हणाला, "आक्का, दुसरं काय बी मागत न्हाई मी तुला."

"पाठवते. तुझ्या नावाची, ठळक अक्षरात."

"आन् शालनचं बी नाव घाल खाली," बायकोचं नाव घेत तो हसून म्हणाला. "न्हाईतर ती म्हणंल, मला बघ कोण इचारतंय."

पत्रिका छापून आल्या. पाकिटांवर नावं घालायची राहिली. जोतिबा कारखान्यातून दमून आला होता, पाय पसरून म्हणाला, "छापखानेवाला नावांना आठ दिवस लावतोय. तुज्या त्या भाषेला नावं छापता येतात, का नुसतंच पारायण?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा घरातल्या कुणाला तिच्या भाषेकडून काहीतरी हवं होतं. उत्कर्षाचे कान गरम झाले.

"येतात की. वास्तुशांतीला मीच छापली होती, विसरलात?"

वास्तुशांतीच्या वेळचा प्रोग्राम तिच्याकडं होताच. त्यात तिनं नवी नावं भरली, गेलेली काढली. माहेरची दोन्ही घरं तिथं आधीपासून होती. बाकीची सगळी घरं तिनं एकाखाली एक अशी सुटी घातली होती. भावांना मात्र एकाच कंसात, म्हणजे एका पिशवीत, ठेवलं होतं, आणि कंसाआधी उघडण्याची खूण. तसं करायची गरज नव्हती. त्या वेळी वाटणी ताजी होती, आणि निदान इथं तरी दोघं एकत्र असू देत, असं तिच्या मनात आलं होतं. तेव्हा पाकिटं दोन निघाली होती. रविराज आला होता, जेवला होता, दादासोकडं पाठ करून का होईना.

या वेळी तिनं भाषेची नवी आवृत्ती लावली होती. बटण दाबलं, प्रिंटर सुरू झाला. बनुबाई खुर्ची ओढून बघत बसल्या. "एवढी नावं याला पाठ हायती?" म्हणाल्या. उत्कर्षा हसली. पाकिटं सरसर निघत होती. तिनं ती गठ्ठ्यानं उचलली आणि तालुक्याप्रमाणं रबर लावून ठेवली.

खरं तर माहेरची पत्रिका तिनं स्वतः न्यायची. बनुबाईंनी दोनदा सांगितलं. "हळदीकुंकू लावून, अक्षता देऊन भावाला बोलवावं बाई. पाकिटाचं काय, पाकीट पोस्टमन बी देतो."

पण त्याच आठवड्यात आराखडे गोठवायचे होते. गोठवायचे म्हणजे त्या तारखेनंतर एक शब्दही हलणार नाही. तिची पानं संपली नव्हती. इंगर रोज विचारत होती.

"केरबा भावजी जतकडं निघालेत आत्या, वाटेवरच आहे. ते देतील."

केरबा जोतिबाचा चुलतभाऊ. बोलेरो घेऊन गेला, तीन दिवस फिरला, येऊन ओसरीवर बसला.

"माहेरचं झालं वैनी. दादासोंनी च्या पाजला, दोन पेट्या द्राक्षं देत हुतं, म्हटलं अजून आंबट असत्याल."

'माहेरचं झालं' यात तिनं दोन्ही घरं धरली. केरबानं हातातल्या पाकिटावरचं नाव वाचलं होतं आणि त्या दारात दिलं होतं. भिंतीपलीकडच्या घराचं पाकीट त्याच्याकडं नव्हतंच. त्यानं एक दिलं आणि झालं म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

मध्ये तिनं एकदा फोनही केला. शालननं उचलला.

"ते फवारनी करत्यात, वन्सं. हवा ढगाळ हाय."

"बरं बरं, करू दे. आदल्या दिवशी या गं सगळे, हळदीला."

पलीकडं शालन थांबली. वन्सं आणखी काही बोलतील म्हणून थांबली होती, हे उत्कर्षाला नंतर कळलं. तेव्हा तिच्यासमोर स्क्रीनवर शेवटची सात पानं होती.

"बघू," शालन म्हणाली.

हळदीला रविराज आला नाही. बागेचं काही निघालं असेल, पहाटे निघतील, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. सकाळी हॉलवर दादासो आला, फेटा बांधूनच आला. नऊ वाजले तरी भिंतीपलीकडच्या घराचं कुणी नाही. नवरीच्या खोलीत, बायकांच्या गोंधळात, एका कानात बोट घालून तिनं फोन लावला. पुन्हा शालनच.

"कुठंवर आलाय गं?"

"आमी घरीच हाय, वन्सं."

"घरी? अगं मुहूर्त साडेबाराचा!"

"आमाला पत्रिकाच न्हाई, वन्सं." शालनच्या आवाजात राग नव्हता. सांगून टाकल्यासारखा सूर होता. "यांनी रोज वाट बघितली. गाडी वाजली की उठायचं. मी म्हटलं, फोन करा आक्काला. तर म्हणलं, मागून घ्यायची असती व्हय?"

उत्कर्षा रुखवताच्या टेबलाशी गेली. आहेरांच्या यादीसाठी आणलेला लॅपटॉप तिनं बॅगेतून काढला. करंज्यांची परात बाजूला सरकवून तो उघडला. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, नवरीच्या आईचं डोकं फिरलं. कंस तिथं होता. आत दोन नावं होती. कंसाआधी चांदणी होती. शेकडो पानांतल्या चांदण्या तिनं वेचून काढल्या आणि स्वतःच्या घरातली तशीच ठेवली. यंत्रानं ती पाहिली, आणि तिनंच घालून दिलेल्या नियमाप्रमाणं काही न बोलता पुढं गेलं. कंस उघडला नाही. दोन घरं एक वस्तू झाली. तिच्यातलं पहिलं नाव पाकिटावर आलं, आणि पुढं 'व समस्त परिवार'.

"मी जाऊन येते," ती उठली. "गाडी काढायला सांगा यांना."

"कुठं?" बनुबाईंनी तिचा दंड धरला. "अंगाला हळद लागलेली पोर हितं बसलीया. नवरीची आई मांडवातनं उठून जाणार? येतानं चार वाजत्याल तुला."

"आत्या, तो माझ्यामुळं—"

"मग आधी जायाचं हुतं."

बनुबाई रागानं बोलल्या नव्हत्या. उत्कर्षानं केरबाला हाक मारली.

केरबाच निघाला. तिनं एक पत्रिका घेतली, पाकिटावर पेननं रविराजचं नाव लिहिलं, खाली शालनचं. अक्षर लहान मुलासारखं आलं. केरबा म्हणाला, "आणतो बघा वैनी, गाडीत घालून आणतो," आणि पायऱ्या उतरता उतरता नव्या चपलेवरून घसरला, तेव्हा सगळे हसले. तीही हसली.

ती दादासोकडं गेली.

"दादा, पाकीट एकच आलं तेव्हा तुला विचारावंसं नाही वाटलं?"

दादासोनं फेटा सारखा केला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, हेच तिला सोसेना. "बायडे, मला वाटलं तू इचार करून दिलीस. म्हटलं, हिनं तरी बापाचं घर एक धरलं. मला लय बरं वाटलं त्या दिशी."

मुहूर्तावर दर्शूच्या मागं दादासो उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असताना उत्कर्षा दाराकडं बघत होती. तिनं अक्षता टाकल्या त्या विहीणबाईंच्या अंगावर पडल्या. शेवटची पंगत बसल्यावर केरबा आला. हातात पत्रिका तशीच होती, आणि एक पिशवी.

"न्हाई घेतली वैनी. पानी दिलं, च्या बी दिला. ते म्हणलं, आठवण झाल्यावर दिलेली पत्रिका घेऊन काय करू? पर ही दिली. मामाची साडी. दिवाळीतच आणून ठेवलीवती म्हणं."

पिवळी साडी होती, काठ हिरवा. दर्शू ती छातीशी धरून इतकी रडली की पाठवणीच्या वेळी तिला रडायला उरलं नाही.

लग्नाचा पसारा आवरल्यावर उत्कर्षानं पहिलं काम केलं ते आराखड्याचं. तिनं लिहिलं की माझा नियम चुकीचा आहे. जुनी चांदणी दिसली तर यंत्रानं थांबावं, ओरडावं, पुढं जाऊच नये. कारण द्यायचं म्हणून तिनं लिहिलं की माझ्या घरच्या लग्नात एका पाकिटाचा घोटाळा झाला. कुणीतरी खाली हसरा चेहरा टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, आराखडे गोठलेत, आता पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणजे दोनेक वर्षं. मग इंगरचं सविस्तर उत्तर आलं. तिनं आधी मुलीच्या लग्नाबद्दल अभिनंदन केलं. मग लिहिलं की मी तेव्हा तुमच्या विरोधात होते, पण आता मला तुमचंच म्हणणं पटलंय. नियम लागू झाल्यापासून एकाही माणसाची तक्रार आलेली नाही.

उत्कर्षानं ती ओळ परत वाचली. तक्रार कशी येणार? ज्याचं पाकीट निघालं नाही तो येऊन सांगत नाही, आणि ज्यानं पाठवलं त्याला वाटतं पोचलं. हे लिहायला तिनं बोटं कळफलकावर ठेवली. मग 'ठीक आहे, आभार' एवढंच लिहिलं आणि कुकर लावायला उठली.

पौषात ती एकटी कवठे महांकाळला गेली. एसटीनं गेली, फाट्यावर उतरून चालत वस्तीवर आली. अंगणात भिंत होती, तिला आता चुना दिला होता. शालननं पायावर पाणी दिलं, सतरंजी टाकली. रविराज बागेत होता. फवारणीचा ब्लोअर बंद झाल्याचं ऐकू आलं, मग तो हातपाय धुऊन आला आणि समोर खांबाला टेकून बसला.

"कवा निघालीस?"

"सकाळी सातला."

"थंडी असंल."

"होती."

त्यानं जावयाचं विचारलं. दर्शू सेलमला गेली का, तिकडचं खाणं तिला मानवतंय का, सासू कशी आहे. द्राक्षांवर या वर्षी रोग लय आहे म्हणाला. उत्कर्षानं सगळ्याची उत्तरं दिली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, काही न राखता. कंस, चांदणी, उभी दांडी, तिनं जिंकलेला वाद. तिला वाटत होतं, चिडावं त्यानं. म्हणावं, मर तू आन् तुजी भाषा. ती पदर पसरायला तयार होऊन आली होती.

"आलं ध्यानात," तो म्हणाला. "तू मुद्दाम केलं न्हाईस, ह्ये मला त्या दिशी बी ठाव हुतं. दादानं मला इचारलं न्हाई, त्याचं बी मला काय न्हाई. त्याचा सोभाव."

"मग?"

"मग काय? तू आली असतीस तर यंत्र लागलंच नसतं." तो हे शांतपणे बोलला, हवेबद्दल बोलावं तसं. "माळावरनं कराडला आमी मेंढरं हाकत यायचो, आक्का. तुला गाडीनं यायला झालं न्हाई."

सात पानं राहिली होती, हे सांगण्यासारखं नव्हतं.

"रवी, चुकलं माझं."

"चुकतंच की मानसाचं. आता काय धरून बसायचं." तो उठला. "शालन, आक्काला जेवल्याबगार सोडू नगो. ढग आल्यात, मी तेवढी फवारनी उरकतो."

शालननं वाढलं. गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर तूप. ताटाभोवती रांगोळी काढली होती. पाहुण्याला काढतात तशी. जेवण झाल्यावर उत्कर्षाची ओटी भरली, खणही दिला, काहीएक कमी केलं नाही. बागेतून ब्लोअरचा आवाज येत होता. उत्कर्षा निघाली तेव्हा तिनं बांधावरून हाक मारली. रविराजनं तोंडावरचं फडकं खाली करून हात वर केला आणि पुढच्या ओळीत वळला. आजवर तो तिला फाट्यापर्यंत सोडायला यायचा, एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभा असायचा. फाट्यापर्यंत ती चालत गेली. मागून मोटरसायकल आली की कडेला होऊन बघत होती.

घरी पोचली तेव्हा बनुबाई देवापुढं दिवा लावत होत्या. जोतिबा अजून आला नव्हता. तिनं पिशवी ठेवली, ओटीतले तांदूळ डब्यात ओतले.

"भेटला का गं?" बनुबाईंनी विचारलं.

"भेटला."

"बोलला?"

"बोलला. चांगलं बोलला. जेवूनच जा म्हणाला."

"भांडला न्हाई?"

"नाही आत्या. एक शब्द नाही."

बनुबाईंनी काडी विझवली. सुनेकडं बघितलं आणि पाट ओढून खाली बसल्या.

"मग संपलं गं बाई," त्या म्हणाल्या.